पेणच्या पुढचं घर

गेणबा आबांच्या कोकण सहलीचा नकाशा अजून माझ्या ट्रॅक्स जीपच्या खणात आहे. घड्यांवर फाटलाय, चहाचे डाग पडलेत, पण फेकवत नाही. आठ वर्षं आम्ही ती सहल आखत होतो. आखण्यात आमचा हात धरणारं न्हावरे गावात कुणी नव्हतं. निघण्याच्या नावानं मात्र बोंब.

मी मुजीब, नबीलाल टेलरचा मुलगा. अब्बांची शिलाई मशीन काही मला मानवली नाही, म्हणून जीप घेतली. रांजणगावचा गणपती जवळ, त्यामुळे अष्टविनायकाची भाडी भरपूर. आठही देवळांच्या आरत्या मला तोंडपाठ आहेत, आणि अब्बांना हे ठाऊक नाही असं मी धरून चालतो. रविराज माझ्या वर्गातला. गेणबा आबा त्याचे वडील आणि अनसाबाई त्याची आई. तिला मी मावशी म्हणायचो.

आता त्यांच्याकडे कांदा आणि दोन म्हशी. पण बहात्तरच्या दुष्काळापर्यंत हे मेंढरांमागचे लोक. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड बोरघाट उतरून कोकणात जायचं. भात काढलेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, शेताला खत व्हायचं, शेतकरी बदल्यात भात द्यायचा. पाऊस तोंडावर आला की परत. अशाच एका फेरीत, पेणच्या पुढं कुठंतरी, मावशीला रस्त्यातच कळा लागल्या. एका आगरी बाईनं तिला घरात घेतलं, नाळ कापली, पाच दिवस भाताची पेज पाजली आणि पाचव्या दिवशी बाळ स्वतःच्या कडेवर घेऊन मावशीला तळावर आणून सोडलं. ते बाळ म्हणजे आमचा रविराज. बाईनं काही म्हणजे काही घेतलं नाही. मावशी म्हणाली, "म्होरल्या साली तुला घोंगडी आणीन." पुढल्या साली दुष्काळ पडला, मेंढरं विकावी लागली, आणि कोकण सुटलं ते सुटलंच.

विकण्याआधी मावशीनं शेवटच्या कातरणीची लोकर बाजूला काढून ठेवली होती. तिची घोंगडी विणून घेतली, काळीभोर, पांढऱ्या काठाची. ती ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात असायची. दर दसऱ्याला उन्हात पडायची आणि परत ट्रंकेत जायची. घरात पाव्हणे आले, थंडी पडली, पोरं कुडकुडली तरी ती कुणाला मिळायची नाही. "ती आपली न्हाई," एवढंच मावशी म्हणायची.

सत्त्याण्णव साली मी ट्रॅक्स घेतली, आणि पेढे द्यायला गेलो तर मावशीनं पहिला प्रश्न टाकला, "तुजी गाडी कोकणात जाती का रं?"

"मावशी, गाडी कुठंबी जाती. तुम्ही बसा फकस्त."

झालं. शिरूरच्या एसटी स्टँडवरून मी नकाशा आणला आणि ओसरीवर पसरला. आबा नकाशाकडं असे बघत होते जसं एखाद्यानं त्यांच्या म्हशीचं चित्र त्यांनाच दाखवावं. "ह्यो कागुद कशाला? मी वीस वरसं चाललोय त्या वाटंनं. पयला मुक्काम कोरेगावच्या वड्याला. दुसरा वाघोलीच्या माळाला."

"आबा, कोरेगाव भीमा तासाभरात येतंय. निघाल्या निघाल्या मुक्काम?"

"मंग च्या पिऊ तितं," आबा म्हणाले. माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

माझीही हौस काही कमी नव्हती. आधी दुसऱ्याच्या गाडीवर दोन वेळा मी पार्टी घेऊन अलिबागला गेलो होतो, त्यामुळे स्वतःला कोकणचा वाटाड्या समजत होतो. खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मी गाडीतच झोपलो होतो. पण लाल पेनानं रेघ ओढायला काय लागतं? पेण, वडखळ, अलिबाग. तिथला पाण्यातला किल्ला. मग चौल आणि रेवदंडा, जुनी बंदरं, पडके कोट. दुसऱ्या वर्षी कोर्लईचा किल्ला घातला. तिसऱ्या वर्षी रविराजची बायको म्हाळसा, दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, म्हणाली की पोरीला जंगल दाखवू, म्हणून फणसाडचं अभयारण्य घातलं. मग मुरूड, मग होडीतून जंजिरा. सहल निघत नव्हती, पण लांबत होती.

निघायला दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. रविराज रांजणगावच्या कंपनीत. दिवाळीनंतर त्याला रजा नाही, आणि आबांचा हट्ट असा की कोकणात जायचं तर दिवाळीनंतरच, उन्हाळ्यात तिथं कुणी जातं का! एका साली कांद्याची लागण. एका साली म्हैस व्यायला झाली. एका साली माझ्याच गाडीचं इंजिन उतरलं. द्रुतगती मार्ग झाला तेव्हा मी म्हणालो, आता पाच तासांत पेण. आबा म्हणाले, "त्या रस्त्याला झाड न्हाई. मान्सानं टेकायचं कुठं?" त्यात ते वर्ष गेलं.

या सगळ्यात मावशी चहा करायची. मधूनच दारात येऊन उभी राहायची. आणि आता सांगतो ती गोष्ट दोन हजार तीनच्या दिवाळीची. मी पेणवर बोट ठेवून बोलत होतो. ती दारातून म्हणाली, "पेण सोडलं की मिठागरं लागत्यात. तितून वाईच म्होरं गेलं की रस्त्याच्या खालच्या अंगाला घर. दारात दोन..."

"मावशी," मी म्हणालो, "रस्त्याचं आम्ही बघतो. तुम्ही च्या आणा."

आबा हसले. मीही हसलो. ती आत गेली. चहा आला, चांगला आलं घातलेला, आणि दारात दोन काय ते मी विचारलं नाही.

दोन हजार पाचच्या श्रावणात म्हाळसाचा फोन आला. मावशी गोठ्यात पडली होती, तोंड वाकडं झालं होतं. मी गाडी काढली. म्हाळसाच्या माहेरच्या माणसांची ओळख होती म्हणून दौंडला नेलं. आठ वर्षं माझी गाडी तिच्या नावानं तयार होती, आणि मावशी तीत बसली ती दौंडच्या दवाखान्यापर्यंत, मागच्या सीटवर आडवी, डोकं म्हाळसाच्या मांडीवर. खड्डा आला की मी आरशात बघायचो. ती डोळे उघडे ठेवून बाहेर बघत होती, आपण शेवटी निघालो असं तिला वाटत होतं की काय, अल्ला जाणे.

उजवी बाजू गेली, वाचाही गेली. महिनाभरानं घरी आणली.

माणसाचं नशीब किती चेष्टा करतं बघा, त्याच दिवाळीत रविराजच्या कंपनीनं कामगार कमी केले. रजाच रजा. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मुज्या, आता जाऊ. आईला झोपवून नेऊ मागं. एकदा ती घोंगडी देऊन टाकू." मी नकाशा घेतला आणि थेट आबांकडं गेलो.

"आबा, बाकीचं जाऊ द्या. किल्ले नको, जंगल नको, काय नको. फक्त पेणच्या पुढचं ते घर. कुठून वळायचं?"

आबा जानव्यासारखं गळ्यातलं उपरणं पुढं-मागं ओढत बसले. मी परत विचारलं.

"मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"मी मेंढरांमागं व्हतो. गडी डोंगराच्या कडंनं जायाचं, चारा बघत. रस्त्यानं बायका जायाच्या, घोडी घिऊन, सामान घिऊन, फुडं. तळ त्याच मांडायच्या. रवी झाला तवा मला तिसऱ्या दिशी कळलं. मी ते घर बघितलंच न्हाई."

"आन् आठ वर्षं तुम्ही म्हणत व्हता, वाटंत लागंल, वाटंत लागंल?"

"मला वाटलं तितं गेल्यावर ती दावील." मग खाली बघून म्हणाले, "सगळ्यांम्होरं बायकूला वाट इचारायची व्हय?"

मला आबांचा असा संताप आला की पायात पायताण घालून मी सरळ अंगणात उतरलो. मग रस्त्यात थांबलो, कारण तोच राग माझ्यावर उलटला. आबांनी निदान विचारलं नव्हतं. मला तर ती सांगत होती.

त्या काळात तिच्याबरोबर चाललेल्या दोन जावा होत्या. एक वारली होती, दुसरीला स्वतःच्या नातवांची नावं आठवत नव्हती. शेवटचा उपाय म्हणून मी नकाशा घेऊन मावशीच्या खाटेशी बसलो. तिचा डावा हात माझ्या हातात घेतला आणि म्हणालो, "मावशी, मी गावांची नावं वाचतो. गाव आलं की हात दाबा."

पेणच्या पुढचं पहिलं नाव घेतलं. तिनं हात दाबला. पायथ्याशी बसलेला रविराज खाटेवरून जवळजवळ उडालाच. मी खात्री करायला पुढचं गाव घेतलं. तिनं हात दाबला. त्याच्या पुढचं घेतलं. दाबला. वडखळ, पोयनाड, अलिबाग, सगळ्यांना दाबला. ती माझ्याकडं मोठ्या आशेनं बघत होती, आणि मला पुढं वाचवेना. तरी मी एक शेवटचं नाव घेतलं. "दौंड," मी म्हणालो. तिनं हात दाबला.

म्हाळसा तोंडाला पदर लावून आत गेली. आबा ओसरीवरच बसून होते. नकाशाची घडी मी घातली, आणि सहल त्या दिवशी संपली.

मार्गशीर्षात थंडी कडाक्याची पडली. दोन गोधड्या टाकूनही मावशी कापायची. म्हाळसानं ट्रंकेतली घोंगडी काढून तिच्या अंगावर घातली. मावशीनं डाव्या हातानं ती बाजूला सारली. म्हाळसाला वाटलं टोचतेय. खाली चादर घालून परत पांघरली. तिनं परत सारली. रविराजनं समजूत काढली, "आई, थंडी हाय, घे की." ती दात वाजवत पडली होती, आणि घोंगडी खाली जमिनीवर.

"नका घालू," आबा दारातून म्हणाले. "ती आपली न्हाई."

माघात मावशी गेली. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, जुनी घोंगडी आहे, तिच्याबरोबर जाऊ द्या. आबांनी ती उचलून आत नेली. दहाव्यानंतर माझ्या घरी आले, काखेत पुडकं, उंबऱ्यावरच उभे राहिले. "तू जातूस तिकडं भाडी घिऊन. गाडीत ठेव."

"आबा, मी तरी कुठं शोधू?"

"मला काय ठावं," आबा म्हणाले, आणि गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी कोकणाचा विषय कधी काढला नाही.

घोंगडी मागच्या सीटखाली आहे. मी तिला दसऱ्याला ऊन देतो. कोकणातलं भाडं असलं की पेण सोडल्यावर मिठागरं लागतात, तिथं मी गाडी हळू करतो आणि रस्त्याच्या खालच्या अंगाची घरं बघत जातो. मागून पार्टी ओरडते, "ड्रायव्हर, चला की, ऊन व्हायलंय!" मी बघत राहतो. एका दारात दोन माड आहेत. पुढच्या दारात दोन तुळशी. त्याच्या पुढं दोन रांजण, दोन होड्या उपड्या घातलेल्या, दोन म्हाताऱ्या सुपात काहीतरी निवडत बसलेल्या. प्रत्येक दारात कशाचं ना कशाचं दोन असतंच.