रोझीला आणायला कोणी जायचं नाही

रोझलीन विमानतळाच्या दारातून बाहेर आली तेव्हा मी एका जाड खांबाआड उभी होते. आणि माझ्या शेजारच्या खांबाआड तिचं अख्खं घर उभं होतं. वडील पास्कल, आई फिलोमिना, थोरला भाऊ आणि वहिनी. आईच्या हातात दारातल्या झाडाची सोनचाफ्याची फुलं, ओल्या रुमालात गुंडाळलेली. भावाच्या हातात भाड्याने आणलेल्या गाडीची किल्ली. त्या दिवसासाठी आमचं एकच ठरलं होतं: रोझीला आणायला कोणी जायचं नाही.

माझं डोकंच फिरलं. पण ओरडता येईना, कारण रोझलीनला दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं.

दृष्टी गेलेल्या माणसाला पांढरी काठी घेऊन एकट्याने हिंडायला-फिरायला शिकवणं हे माझं काम. आमच्या क्षेत्रात त्याला मोबिलिटी म्हणतात. लोकांना वाटतं, आम्ही पावलं मोजायला शिकवतो. अजिबात नाही. घाईत पाऊल लांब पडतं, गर्दीत आखूड पडतं आणि सगळा हिशेब कोलमडतो. आम्ही खुणा ओळखायला शिकवतो. जागची न हलणारी गोष्ट, म्हणजे उतार, कठडा, पायाखाली बदललेली लादी, ही झाली लँडमार्क. येणारी-जाणारी गोष्ट, म्हणजे वडे तळल्याचा वास किंवा शाळा सुटल्याचा गलका, हा झाला क्लू. विसंबायचं ते लँडमार्कवर. क्लू आज असतो, उद्या नसतो. हे मी इतक्यांदा सांगते की माझे विद्यार्थी माझी नक्कल करतात, ती याच वाक्याची.

शिक्षण संपलं की शेवटी सोलो असतो. विद्यार्थी ठरलेला प्रवास एकटा करतो आणि ट्रेनर अंतर ठेवून मागून चालतो. धोका दिसला तरच तोंड उघडायचं. थोडक्यात, लोकांचा पाठलाग करण्याचा मला पगार मिळतो.

रोझलीन वसईच्या पाचूबंदरची. कॉलेजात असताना डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने तिची दृष्टी गेली. तिचं रडून झालं, चिडून झालं, मग ती कंप्युटर शिकली. मोबाइलमधली अ‍ॅप दृष्टी नसलेल्या माणसाला वापरता येतात का, हे तपासण्याचं काम असतं. त्याचा कोर्स करायला ती बंगलोरला गेली आणि तिथल्याच एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. होकार-नकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. घरून मात्र नकार तयार होता.

कोर्स संपायच्या आधी ती सुट्टीला आली होती, तेव्हा तिच्या घरी बसून मी ही बोलणी केली होती. पास्कल मासेमारी करतात, स्वतःची बोट आहे. बोलायला मऊ, पण अडून बसले की हलत नाहीत.

"बंगलोरचं काय नाय, टीचर," ते म्हणाले. "पन ती येनार-जानार कशी? दर टायमाला आमी बोट बंद ठेवून एअरपोर्टला जायाचं?"

"जायचंच कशाला? ती मेट्रोने येईल, बसने येईल."

"एकटी?"

"एकटी."

"आनि आमी काय करायचं?"

"चहा टाकायचा."

हे त्यांना पटणं अवघड होतं, कारण त्या गल्लीत कोण जहाजावर आहे, कोण आखातात आहे. कोणी परत येणार असलं की गाडी करून घरदार विमानतळावर जातं. आणायला कोणी गेलं नाही तर तो माणूस घरच्यांच्या मनातून उतरला असं समजतात. रोझलीनला तर पाचजण आणायला जायचे आणि उचलूनच आणायचे म्हणा ना.

शेवटी पास्कल म्हणाले, "एकटी घरापरयंत आली, तर जाऊ दे बंगलोरला. नाय जमलं, तर विषय बंद."

"चालेल," रोझलीन म्हणाली. "पण कोणी यायचं नाही. क्रुसाकडे बघून सांगा."

पास्कलनी भिंतीवरच्या क्रुसाकडे बघितलं आणि म्हणाले, "नाय येनार."

तर ते आता खांबाआड उभे होते. रोझलीन सरळ त्यांच्याच दिशेने येत होती. काठी डावी-उजवी, पाठीवर सॅक. पास्कलचं तोंड उघडलं. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ओठांवर बोट ठेवलं. फिलोमिनाने नवऱ्याचा शर्ट मागून घट्ट धरला. रोझलीन आमच्यापासून हातभरावर आली, क्षणभर थांबली, मान जराशी वळवली. मला वाटलं, दिशा घेतेय. मग तिने काठी पुढे टाकली आणि मेट्रोकडे निघून गेली.

"केवढी जवळून गेली," पास्कल कुजबुजले. त्यांचे डोळे भरले होते.

"तुम्ही इथे काय करताय?"

"आमी निसते बघायला आलो, टीचर. हात नाय लावनार."

"आता घरी जा. सरळ घरी. ती पोचेल तेव्हा तुम्ही घरात असायला पाहिजे. तुम्ही आला होता हे तिला कळलं तर ती तुमच्याशी आयुष्यभर बोलणार नाही." हे मी जरा वाढवून सांगितलं, पण लागू पडलं. सगळे गाडीकडे पळाले आणि मी रोझलीनच्या मागे पळाले.

मेट्रोचा भाग आम्ही पुष्कळदा घोटवला होता. विमानतळाखालच्या मेट्रोने मरोळ नाका, तिथे गाडी बदलून हायवेपर्यंत, मग पुलावरून चालत जाऊन दहिसरची मेट्रो. लोकल आम्ही मुद्दामच घेतली नव्हती. चारी बाजूंनी माणसं दाबायला लागली की काठी छत्रीच्या दांड्याइतकीच कामाची उरते. मेट्रोत फलाटावर खडबडीत पिवळी लादी असते, ती काठीला आणि पायाला लागते. स्टेशनांची नावं पुकारतात. रोझलीन भराभर गेली. पुलावर मात्र एक गृहस्थ आडवे आले.

"अरेरे, बेटा, कुठे जायचंय?" असं म्हणत त्यांनी तिचा दंड पकडला आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टकडे ओढत नेऊ लागले. अशा प्रेमळ माणसांनी माझे जितके विद्यार्थी चुकीच्या फलाटावर नेऊन सोडलेत, तितके दुष्ट माणसांनी सोडले नसतील.

रोझलीनने शिकवल्याप्रमाणे दंड हलकेच सोडवला आणि स्वतः त्यांचा कोपर धरला. कोपर धरला की न दिसणारा माणूस अर्धं पाऊल मागे राहतो आणि समोरच्याच्या चालीवरून पायरी, वळण ओळखतो. "काका, तुम्ही मला धरू नका, मी तुम्हाला धरते," ती म्हणाली. "आणि मला लिफ्ट नको, समोरचा गेट हवाय." काका निमूटपणे गेटपर्यंत गेले. मी मागे मनातल्या मनात तिची पाठ थोपटली.

दहिसरला उतरून हायवेवरची वसईची बस धरायची, असं ठरलं होतं. ती स्टॉपवर पोचली आणि तिथल्या एका बाईला विचारलं, "वसईची बस गेली का हो?"

"बस कुठली? पुढे ट्रक आडवा झालाय. खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे सगळं ठप्प आहे."

रोझलीनने कानात इयरफोन घातला. तिचा फोन तिला स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. ती बराच वेळ ऐकत उभी राहिली. मग तिने बाईंना दुसरंच काही विचारलं आणि वसईच्या स्टॉपवरून निघून भाईंदरच्या बसमध्ये चढली.

मीही धावत मागच्या दाराने चढले. भाईंदरहून वसईला जायला एकच नवी वाट होती. खाडीतली रो-रो. रो-रो म्हणजे गाड्या आणि माणसं एकदमच वाहून नेणारी मोठी फेरीबोट. ही वाट मी तिला शिकवली नव्हती. तिच्यावर मीही कधी गेले नव्हते. जेट्टीवर कठडा कुठे आहे, उतार किती आहे, काही ठाऊक नाही. मी हळू आवाजात आमच्या सेंटरच्या मॅडमना फोन लावला.

"विद्यार्थिनीने रूट सोडलाय. थांबवू का?"

"चुकलीय की तिने ठरवलंय?"

"ठरवलंय."

"मग तू तुझं तिकीट काढ," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भाईंदरला ती रिक्षात बसली. मी दुसरी रिक्षा केली आणि म्हटलं, पुढच्या रिक्षाच्या मागे चला. "क्या हुआ, मॅडम? झगडा हुआ?" रिक्षावाल्याने आस्थेने विचारलं. मी नुसतं हूं म्हटलं.

जेट्टीवर माझी खरी परीक्षा झाली. पाणी ओसरलेलं, त्यामुळे बोटीत चढायचा लोखंडी रॅम्प चांगलाच उतरता. त्यावरून टेंपो, मोटारसायकली घरघरत आत चाललेल्या. त्या घरघरीत दुसरा कुठलाच आवाज ऐकू येईना, म्हणजे रोझलीनचे कानही बंद झाल्यासारखेच. डाव्या हाताला उघडं पाणी. मी तिच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले. हात पुढे केलेलाच होता.

ती रॅम्पच्या अलीकडे थबकली. काठीने लोखंड ठोकून बघितलं. बाजूला सरली, पाठ कठड्याला टेकवली आणि मोठ्यांदा म्हणाली, "बोटीवरचे दादा कोण आहेत? गाड्या चढल्या की मला सांगा. मला तुमच्या कोपराला धरून यायचंय."

एक खलाशी आला. गाड्या चढल्या. तिने त्याचा कोपर धरला आणि रॅम्पवरून उतरून आत गेली. माझा पुढे केलेला हात तसाच राहिला होता, तो मी खाली घेतला. मला इतकं हलकं वाटलं की एका टेंपोला टेकून मी खुळ्यासारखी हसले.

खाडी ओलांडायला काही वेळ लागत नाही. तेवढ्यात तिने केसांची क्लिप काढली आणि तोंड वाऱ्याकडे करून बसली. पलीकडे किल्ल्याच्या बाजूला उतरल्यावर तर तिला कोणाची गरजच नव्हती. तो तिचा गाव. सुकत घातलेल्या मासळीचा वास, जाळ्यांचे ढीग, चर्चची भिंत. माझी दमछाक होईल इतक्या झपाट्याने ती घरी पोचली आणि दार ढकललं.

दाराला कुलूप होतं.

शेजारच्या अ‍ॅग्नेस मावशी बाहेर आल्या. "अगो रोझी, तू कशी आली? तुलाच आनायला गेले सगले, गाडी करून."

"बोटीने आले," रोझलीन म्हणाली. "किल्ली आहे तुमच्याकडे?"

"किल्ली तेंच्याकडंच."

ती सॅक उतरवून ओट्यावर बसली. मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, "टीचर, या, बसा तुम्हीपण. दहिसरपासून तुमची चप्पल वाजतेय. बदला ती."

मी बसले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. तिने स्पीकर लावला.

"रोझी, कुठं पोचली गो?"

"मम्मी, तू कुठे आहेस?"

"मी घरातच हाय. भात टाकते." मागून ट्रकचा हॉर्न इतका लांब वाजला की अ‍ॅग्नेस मावशींनी तोंडाला पदर लावला.

"बरं. मग दार उघड. मी ओट्यावर बसलेय."

पलीकडून फक्त हॉर्न वाजत राहिले.

ते आले तेव्हा गल्लीतले दिवे लागले होते. मावशींकडचा चहा आमचा दोनदा पिऊन झाला होता. पास्कल गाडीतून उतरून जवळजवळ धावतच आले आणि त्यांनी लेकीचा दंड पकडला. तिने तो सोडवला आणि त्यांचा कोपर धरला.

"पप्पा, तुम्ही मला धरू नका. मी तुम्हाला धरते." मग आईकडे वळून म्हणाली, "मम्मी, चाफा कोमेजला ना?"

फिलोमिनाने हातातल्या रुमालाकडे बघितलं. पास्कल माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"दारातल्या झाडाचा वास आला. एअरपोर्टवर ओल्या रुमालात सोनचाफा दुसरं कोण आणणार?" ती म्हणाली. "थांबले होते मी. फार वाटलं होतं, पप्पा, की हाक मारावी. पण मारली असती तर तुमच्याबरोबर गाडीतच बसले असते."

पास्कलनी कोपर तिच्या हातातच राहू दिला. "सोमवारी त्या लोकांना हो सांग," ते म्हणाले आणि कुलूप उघडायला लागले. किल्ली लागेना, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं. शेवटी रोझलीननेच ती हातातून घेऊन दार उघडलं.

आता ती बंगलोरला असते. सुट्टीला येते ती बोटीनेच. पास्कल विमानतळावर जात नाहीत. दिलेला शब्द पाळतात, असं त्यांचं म्हणणं. जेट्टीवर मात्र अख्ख्या गल्लीला घेऊन उभे असतात. मी विचारलं तर म्हणाले, "जेट्टी म्हंजे काय एअरपोर्ट नाय, टीचर."

मी चप्पल बदलली. क्लूवर विसंबू नका हे अजूनही शिकवते, फक्त आता जरा कमी ठासून. आणि सोलोच्या आधी प्रत्येक घरी एक सूचना जास्तीची देते: आणायला कोणी जायचं नाही, आणि गेलातच तर किल्ली शेजारी ठेवून जा.