खोदायचं की नाही, ते ऑपरेटर ठरवेल

वहिनींशी वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. भेटला तर माझा ट्रेलर त्याला बक्षीस देईन, टायरसकट.

मी वहिनींसाठी ट्रेलर चालवतो. म्हणजे पोकलेन, डोझर असली अवजड मशिनं पाठीवर घेऊन या साइटवरून त्या साइटवर पोचवतो. मशीन खोदत असतं तेव्हा मी सावलीत झोपलेला असतो, असं वहिनी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात. ते खरं आहे, पण सांगायची काही गरज आहे का?

त्यांचा धंदा मशिनं भाड्याने द्यायचा. मोठा रस्ता निघाला, धरण निघालं, कारखान्याचा पाया निघाला, की कंत्राटदाराला माती हलवायला मशीन लागतं आणि मशीन हलवायला माणूस लागतो. वहिनी दोन्ही देतात. नुसतं मशीन देत नाहीत. "माणूस आमचा बसवू, तुम्ही फक्त मशीन द्या," असं म्हणणारे खूप येतात. वहिनी त्यांना चहा पाजतात आणि विचारतात, "दात माझे आणि चावणार तुम्ही? मोडले तर कोणाचे?"

यार्डाच्या तोंडाशी पत्र्याची खोली आहे, तेच ऑफिस. गिऱ्हाइकाला बसायला भंगारात गेलेल्या डोझरची सीट लोखंडी पायांवर बसवली आहे. तिच्या स्प्रिंगा गेल्यात. माणूस बसला की वीतभर खाली जातो आणि टेबलाच्या पलीकडे वहिनी आपोआप उंच दिसतात. मी एकदा म्हटलं, स्प्रिंगा बदलून देतो. म्हणाल्या, "हात लावाल तर बघा."

ऑपरेटर ठेवायची त्यांची पद्धतही अशीच. नवा माणूस आला की त्याला पोकलेनवर चढवायचं आणि मातीचा एक ढीग इकडून तिकडे करायला सांगायचं. माणूस जीव तोडून करामती दाखवतो. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, झोकात फिरवतो, बकेट अलगद ओततो. वहिनी बघतसुद्धा नाहीत, कागद चाळत बसतात. मग मध्येच खिडकीतून हाक मारतात, "या हो, चहा झालाय!" ही खरी परीक्षा. जो बकेट हवेत लोंबकळत ठेवून उडी मारतो, त्याला चहा मिळतो, नोकरी मिळत नाही. जो आधी बकेट जमिनीला टेकवतो, मशीन बंद करतो, किल्ली खिशात घालतो आणि मशीनकडे तोंड करून एकेक पायरी उतरतो, त्याला वहिनी दुसरा कप स्वतः ओततात.

आमच्या सावकाशने तर त्याच्या परीक्षेच्या दिवशी चहा थंड केला होता. त्याला सगळे सावकाशच म्हणतात. काहीही सांगा, त्याचं उत्तर तेच. लग्न चाळिशीत केलं, तेव्हा आम्ही म्हणालो, बाबा, जरा लवकर नाही ना झालं? ढीग हलवताना तो दर पाच मिनिटांनी खाली उतरून ढिगाच्या बुडाशी काय बघत होता देव जाणे. मी वहिनींना म्हटलं, हा माणूस पाया खोदेपर्यंत वरची इमारत जुनी होईल. वहिनींनी त्याला त्याच दिवशी कामावर घेतलं.

आता वहिनींच्या करारातल्या एका ओळीबद्दल सांगतो.

भाड्याचा करार वहिनींची मुलगी कॉम्प्युटरवर टाईप करते. चांगला चार पानी, सगळी कलमं नीट. शेवटच्या पानावर सहीच्या वर दोन बोटं जागा ती कोरी सोडते. तिथे वहिनी पेनाने एक ओळ लिहितात: "कुठे खोदायचं ते साइट सांगेल. खोदायचं की नाही, ते ऑपरेटर ठरवेल." मुलगी दर वेळी म्हणते, "आई, मी टाईप करून टाकते ना." वहिनी म्हणतात, "टाईप केलेलं कोणी वाचत नाही. हाताने लिहिलेलं वाचतात. भांडायला का होईना, पण वाचतात."

भांडतातही. आणि आम्हाला कामं कमी मिळतात ती त्या ओळीमुळे, हे यार्डातल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

ती ओळ कुठून आली ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो. एकोणीस वर्षांपूर्वी हे यार्ड नव्हतं. एकच पोकलेन होतं, कर्जाचं, आणि ते वहिनींचा नवरा स्वतः चालवायचा. तो माझा दोस्त, म्हणून त्या माझ्या वहिनी. एका इमारतीच्या पायासाठी खोल खड्डा चालला होता. काम संपत आलं होतं. दोस्त मशीनवरून खाली उतरला, मातीच्या भिंतीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ही बाजू मला बरी दिसत नाही." वरून सुपरवायझर ओरडत होता. मी ट्रेलर घेऊन खोळंबलो होतो, मशीन उचलून मला दुसऱ्या साइटवर पोचायचं होतं. मी म्हटलं, "अरे, दहा मिनिटांचं काम आहे. उरकून टाक की." तो हसला आणि वर चढला. भिंत केबिनवर आली.

माझं ते दहा मिनिटांचं वाक्य मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

नंतर त्या साइटचा एक माणूस वहिनींना भेटायला आला. चेहरा पाडून म्हणाला, "त्यांना धोका वाटत होता, तर त्यांनी नाही म्हणायचं होतं." तो गेल्यावर वहिनींनी ट्रंकेतून करार काढला आणि पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं, की ऑपरेटर साइटच्या सूचनेप्रमाणे काम करेल, काम नाकारल्यास मशीन परत पाठवण्यात येईल. वहिनींनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. मुलगी तेव्हा शाळेत जायची, ती दाराशी उभी होती. रडणं तोवर बरंच झालं होतं. त्या दिवशी वहिनींचा चेहरा रागाचा होता आणि तो राग, माझ्या मते, अजून उतरलेला नाही.

पुढे त्या स्वतः मशीन चालवायला शिकल्या, एकाची दोन केली, दोनाची पाच. लोक म्हणायचे, बाईमाणसाचं हे काम नाही. वहिनी म्हणायच्या, "पुरुषमाणसांचं काम बघितलं मी."

तीन वर्षांपूर्वी मोठं काम आलं. डोंगर कापून रस्ता न्यायचा होता. पाचही मशिनं, पाचही ऑपरेटर, दोन वर्षं. आणि आमची तीन मशिनं तेव्हा पाच महिने यार्डात उभी होती, गवत मशिनांच्या चाकांवरच्या लोखंडी चेनपर्यंत आलं होतं. हे काम गेलं असतं तर मशिनं विकायची पाळी होती. वहिनींनी करार पाठवला. रस्त्याच्या कंत्राटदारांनी ओळ खोडून परत पाठवला. वहिनींनी नवा कागद घेऊन पुन्हा लिहिली. पुन्हा खोडून आला. मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, या एका वेळेला सोड." वहिनींनी तिसऱ्यांदा लिहिली, आणि या वेळी अक्षर जरा मोठं काढलं. शेवटी प्रोजेक्टचे मोठे साहेब वैतागून म्हणाले म्हणे, राहू दे त्या बाईची ओळ, तिने काय काम अडतंय!

चार महिने काही अडलं नाही. मग एका दुपारी अडलं.

सावकाश डोंगराच्या कापलेल्या भिंतीच्या बुडाशी खोदत होता. मागे डंपरची रांग. त्याने मध्येच बकेट जमिनीला टेकवली, मशीन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि पायऱ्या उतरून दूर जाऊन उभा राहिला. इंजिनिअरने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "इथे नाही खोदणार." इंजिनिअरने भिंत तपासली, मोजली, कागद आणून दाखवले. सगळं ठीक होतं. सावकाश म्हणाला, "असेल ठीक. मी नाही खोदणार."

मी त्याच दिवशी आमचा डोझर डोंगराच्या या टोकावरून त्या टोकाला न्यायला तिथे गेलो होतो, त्यामुळे तमाशा मला पहिल्या रांगेत बसून बघायला मिळाला. साहेबांनी वहिनींना फोन लावला. तासाभरात वहिनी यार्डाची खटारा गाडी घेऊन आल्या. हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि सरळ साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, "मॅडम, हा माणूस बदला. तुमचे अजून चार आहेत, त्यातला एक इथे बसवा."

"त्याने नाही म्हटलेल्या जागी माझा दुसरा माणूस बसणार नाही."

"अहो, भिंत पक्की आहे! आमच्या इंजिनिअरने तपासली आहे."

"असेल की."

"मग त्याला कारण तरी विचारा!"

"नाही विचारणार."

साहेबांचा आवाज चढला. "कारण विचारायला काय जातं तुमचं?"

"आज कारण विचारलं, तर उद्या तो आधी कारण शोधत बसेल," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला पटेलसं कारण सापडेपर्यंत मशीनवरच बसून राहील. आणि माती तोवर थांबत नाही, साहेब. ओळ वाचा. त्यात कारण लिहिलेलं नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, अर्ध्या तासात ते मशीन सुरू झालं नाही, तर पाचही मशिनं उचला. बदली मशिनांसाठी मी फोन करतोय.

आता खरं सांगतो, मी हिशेब करायला लागलो. पाच मशिनं, पाच घरं, सहावं माझं. मला ते यार्डातलं गवत दिसायला लागलं. सावकाशचाही राग आला. याला भिंत बरी दिसत नसेल, याला तर स्वतःची सावलीही बरी दिसत नाही! मी वहिनींना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हटलं, "वहिनी, एकदा समजावून बघा ना त्याला. दहा मिनिटांचं काम आहे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. शांतपणे म्हणाल्या, "तेव्हाही दहाच मिनिटं होती, भावजी."

माझं ते वाक्य त्यांना माहीत होतं. तेव्हा खड्ड्यात फावडं घेतलेला एक मजूर होता, त्याने लगेचच सांगितलं असणार. मी विचारलं नाही. सोळा वर्षं या बाईला माहीत होतं. सोळा वर्षं तिने मला रोज सकाळी चहा दिला, माझ्या झोपेची थट्टा केली, आपली मशिनं माझ्या पाठीवर लादली. लाज वाटली असं म्हणणं कमी पडेल. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि मी टायरची हवा बघायच्या निमित्ताने खाली वाकलो.

वहिनी साहेबांकडे वळल्या. "अर्धा तास नको. उचलते."

त्यांनी चार जणांना फोन केले. डोंगरभर पसरलेली चार मशिनं एकेक करून थांबली, बकेटी खाली टेकल्या, डोझरचं पातंही टेकलं. पाचही मशिनं न्यायला मला तीन दिवस लागले. गेटवरचा माणूस रोज म्हणायचा, जरा हात उचला. मी एकही मशीन घाईत चढवलं नाही.

आणि भिंत?

भिंत पडली नाही. दुसऱ्याची मशिनं आली, त्यांनी तिथेच खोदलं, रस्ता गेला. आजही गाड्या जातात. धंद्यातले लोक आमच्यावर पोट धरून हसले. एक मशीन विकावं लागलं. जे घ्यायला आले ते डोझरच्या सीटवर बसून खाली गेले, तरी भाव त्यांचाच खरा ठरला.

मशीन गेलं त्या संध्याकाळी सावकाश ऑफिसात आला. टेबलासमोर मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं. भिंत पडली नाही."

वहिनी अशा उसळल्या, की खिडकीची काच थरथरली. "पडली नाही याचं दुःख करतोस? पडायला हवी होती का? कोणाच्या डोक्यावर?"

"तसं नाही... तुमचं मशीन गेलं."

"लोखंड गेलं. त्या दिवशी तू कुठे जेवलास?"

सावकाश गोंधळला. "घरी."

"भिंत पडली असती तर?"

त्याने विचार केला, त्याच्या पद्धतीने, भरपूर वेळ घेऊन. "तरी घरीच."

"मग चुकलं कुठे?" वहिनींचा आवाज फाटला. "माझ्या घरचा माणूस एकदा असा चुकला असता, तर मी जन्मभर लोकांना हसू दिलं असतं. पुन्हा माफी मागायला आलास तर कामावरून काढीन. उद्या पाण्याच्या पाटाचं काम आहे, लहान आहे. जा, मशीन काढ."

तो गेला. मुलीने नव्या कामाचा करार समोर ठेवला. चार पानं, सहीच्या वर कोरी जागा. पण जागा दोन बोटं नव्हती. पोरीने या वेळी चांगली चार बोटं सोडली होती. वहिनींनी तिच्याकडे बघितलं आणि लिहायला घेतलं.

मी दारात घुटमळत होतो. हे आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी त्याला म्हटलं नसतं तर..."

पेन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. बाहेर सावकाशने इंजिन सुरू केलं होतं आणि तो उतरून चेनच्या खाली काहीतरी बघत होता.

"ट्रेलर मागे घ्या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "त्याचं बघून होईपर्यंत थांबा. घाई नाहीये."