कोऱ्या पडद्याला लावलेलं नाक

रोह्याला एका प्रयोगशाळेत मी पांढरे उंदीर सांभाळते. दोन वर्षांपूर्वी तिथं एक यंत्र आलं. बंद पेटी, आत शेजारीशेजारी दोन पडदे, दोन्हींवर एकेक चित्र. उंदरानं बरोबर चित्राला नाक लावलं की त्याच बाजूला खाऊची गोळी पडायची. नोंदी यंत्रच ठेवायचं.

चांदणी आणि पान आलं तर चांदणी बरोबर. पान आणि मासा, तर पान. मासा आणि छत्री, तर मासा. छत्री आणि किल्ली, तर छत्री. एवढं पक्कं झालं की एक दिवस पान आणि छत्री दाखवायची. ही जोडी उंदरानं कधीच पाहिलेली नसते. पान माशाला वरचढ, मासा छत्रीला, म्हणून पान, हे त्याला मनाशीच जुळवावं लागतं.

सात नंबरच्या मादीनं पहिल्याच दिवशी जवळपास दर वेळी पान निवडलं. मला इतका आनंद झाला, की प्रयोग चालवणाऱ्या सरांना विचारून तिचा व्हिडिओ मी कासूला घरी नेला. बाबांचं आयुष्य भात आणि वाल पिकवण्यात गेलेलं, उंदरांशी जुनं वैर. त्यांनी तो तीनदा पाहिला.

"ही चित्राकडं बघतच नाय गो."

"मग बरोबर कसं येतं?"

"ते तुमी शोधा. पण कान बघ हिचे. आधी कान वळतात, मंग ती."

मला जरा रागच आला. तरी दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, "चित्रं बंद ठेवून बघू या का?"

सात नंबर आत आली, क्षणभर थांबली आणि कोऱ्या पडद्याला नाक लावलं. बरोबर! पुन्हा बरोबर! सर हसायलाच लागले. यंत्र गोळी आधीच योग्य बाजूला सरकवून ठेवत होतं. मोटरचा तो बारीक आवाज आम्हाला येत नव्हता, तिला येत होता.

यंत्र दुरुस्त झालं, शिकवणी पहिल्यापासून सुरू झाली. महिन्याभरानं पान-छत्री आली तेव्हा ती दोन्ही पडद्यांपुढं बराच वेळ घुटमळली, मग पानाला नाक लावलं. पुढं चुकलीही, पण बरोबर जास्त.

"एकीवरून काही ठरवता येत नाही," सर म्हणाले.

घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "म्हंजे इचार करते का नाय?"

"अजून सांगता येत नाय."

"आणि आवाजावरून गोळी ओळखली, तो इचार नव्हता?"

सकाळी तोच प्रश्न मी सरांना विचारला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, आणि चित्रांऐवजी आवाजांच्या जोड्या लावल्या तर काय होईल, यावर आम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलत बसलो.