उंदरिणींच्या पिंजऱ्यावरचा लाल दोरा

...नाही गं, मारायच्या नाहीत, पाळायच्या. औषधाच्या कंपनीत पिंजऱ्यांत पांढरे उंदीर असतात ना, त्यांचं खाणंपिणं, झाडलोट, वजन, सगळं आमच्या वन्संकडे. वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण. अख्खी कंपनी त्यांना उंदीरमावशी म्हणायची आणि त्या खुशाल ओ द्यायच्या. हं, लिही पुढे.

शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण वन्संची एक रीत होती. सकाळी ज्या पिंजऱ्यातलं खाणं तसंच उरलेलं दिसेल, त्याच्या गजाला लाल दोऱ्याची एक गाठ. मग छोट्या मॅडम यायच्या, नुकत्याच शिकून आलेल्या शास्त्रज्ञ बाई. त्या गाठी मोजून कागद भरायच्या, खाली वन्संचा अंगठा. आधी सगळ्यांनी दात काढले. मग दोनदा कागदावर उतरवताना मॅडमचा आकडा चुकला आणि गाठ बरोबर निघाली, तेव्हा दात आत गेले.

त्या वर्षी गुडघेदुखीची नवी गोळी आली. बारा नर, बारा माद्या, तीन महिने रोज गोळी. दीड महिना झाला आणि माद्यांचे पिंजरे लाल व्हायला लागले. नरांच्या गजाला कुठे एखादी गाठ, इकडे गज दिसेना. माद्या खाईनात, पाठीवरचे केस झडले. एक तर वन्संच्या तळहातावरच गेली. वन्संचे स्वतःचे गुडघे फरशा पुसून पुसून गेलेले. त्या गोळीची वाट त्याच पाहत होत्या.

तीन महिने भरले आणि मोठे साहेब खाली आले. कधी न येणारा माणूस आला की समजावं, काम अडलंय.

"मावशी, उद्या सरकारी तपासणी आहे. माद्यांचं आपण धरत नाही. मादीचं शरीर दर चार दिवसांनी बदलतं, आकडे हलतात. सगळं जग नरांवरच बघतं."

"मग मला तीन महिने गोळ्या कशाला द्यायला लावल्या?"

साहेबांनी गोळीची नवी डबी पुढे केली, छापून आलेली. डबीवर एक बाई हसत जिना चढत होती. वन्संनी डबी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"ही कोण?"

"जाहिरात आहे ती. तीन लाख डब्या तयार आहेत."

"हा काही नर दिसत नाही, साहेब."

छोट्या मॅडम खोकल्या. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की खोकला तिथेच बरा झाला.

मग नवे कागद निघाले. त्यात लिहिलेलं, माद्यांना गोळी दिलीच नाही, त्या पिल्लांसाठी नरांबरोबर ठेवल्या होत्या. प्रत्येक कागदाखाली अंगठ्याची जागा कोरी.

"अंगठा लावा. पहिली डबी तुमच्या गुडघ्यांना फुकट."

"त्याचंच तर भ्या वाटतंय," वन्सं म्हणाल्या आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मावशी, नोकरीवर पाणी सोडाल."

"सोडीन. पण जी माझ्या हातात मेली, तिला गोळी दिलीच नाही असं माझा अंगठा सांगणार नाही."

तेव्हा साहेबांनी कात्री मागवली आणि स्वतः एकेक गाठ कापली. वन्सं उभ्या राहून बघत होत्या. शेवटी केरसुणी आणून दोरे गोळा केले. केर काढणं त्यांचंच काम ना.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. कागद चाळले. म्हणाल्या, "यांवर अंगठे नाहीत?"

"मावशींची तब्येत बरी नसते," साहेब म्हणाले.

"धडधाकट आहे मी," वन्सं पुढे आल्या. "बाई, त्यात काय लिहिलंय तेवढं मला वाचून दाखवा."

बाईंनी वाचलं. बारा माद्या, तीन महिने, पिल्लांसाठी, नरांबरोबर.

"मग पिल्लं कुठे आहेत?" वन्सं म्हणाल्या. "उंदरीण बावीस दिवसांत विते. एका वेळी दहा-दहा. तीन महिने नर-मादी एकत्र आणि एक पिल्लू नाही? साहेबांच्या शास्त्रात बसत असेल, उंदरांच्या नाही बसत."

तपासनीस बाई आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. छोट्या मॅडमकडे वळल्या. मॅडमनी क्षणभर साहेबांकडे पाहिलं, मग कपाटातून जुने कागद काढले. गाठी मोजून भरलेले, खाली वन्संचा अंगठा. फाडायला सांगितले होते, त्यांनी फाडले नव्हते.

तीन लाख डब्या गोदामात पडून राहिल्या. माद्यांवर सगळं नव्यानं करायला लागलं. आणि वन्संना महिन्याभरात घरी बसवलं, वय झालं म्हणून. त्या म्हणाल्या, "वय काल नव्हतं झालं वाटतं." गुडघे शेवटपर्यंत दुखले, पण मान कधी खाली गेली नाही बघ.

झालं? आता ते पत्र्याच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ काढ. त्यांचंच आहे, अर्धं उरलंय. तुझी ताई सोमवारपासून औषधाच्या प्रयोगशाळेत कामाला जाणार ना, हा कागद आणि ते रीळ तिच्या हातात दे. माझ्याकडून विसरायला होईल, तू दे.