पार्बताबाईंच्या घरचं कात्रण

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींचा मी ग्राहक नाही. एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर माझी बावीस वर्षं गेली. अमक्या गावाबाहेर दिवे दिसतात, तमक्या विहिरीतून हाका येतात, अशा बातम्या आल्या की मी बातमीदाराला तीन प्रश्न विचारत असे. कोणी पाहिलं? कुठून पाहिलं? त्याचं नाव काय? उत्तर आलं नाही की बातमी टोपलीत. खाली लिहितो आहे ते त्याच शिस्तीत. फरक एवढाच की यावेळी पाहणारा मी आहे… आणि मुळातली चूकही माझीच.

चंद्रपूरच्या कार्यालयातून मी दर रविवारी एक सदर लिहीत असे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या, आता हयात नसलेल्या माजी सैनिकांची ओळख. दोनशे शब्द, एक फोटो. पद्धत ठरलेली होती. गावातून कोणीतरी कळवायचं, मी घरच्यांशी फोनवर बोलायचो, फोटो एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचा. छापून झालं की त्या अंकाची एक प्रत पाकिटात घालून मी घरच्यांना पोस्टानं पाठवायचो. मूळ फोटोही परत करायचा असा नियम होता.

कवडूजी पोंभुर्णा तालुक्यातले. तलावाकाठचं गाव; घरच्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही. आमचा पेपर त्या गावात जात नव्हता. मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा, पायदळात भरती झाला, हवालदार म्हणून निवृत्त झाला, म्हातारपणी गावातच वारला. त्यांच्या पुतण्याशी मी सात मिनिटं बोललो. सात मिनिटांत दोनशे शब्द होतात.

फोटो मात्र दोघांचा आला. दोन तरुण जवान वर्दीत, खांद्याला खांदा लावून उभे. पुतण्या म्हणाला होता, "मांगून फुली मारली हाये, तेच आमचे काका." मी फोटो उलटा केला. पाठीवर उजव्या बाजूला पेन्सिलची फुली होती. मी तो पुन्हा सुलटा केला आणि उजवीकडचा जवान क्रॉप केला.

वहीचं पान उलटावं तसा फोटो उलटला, तर पाठीवरची उजवी बाजू पुढून डावी होते. हे शाळेतल्या मुलालाही कळतं. रविवारच्या पानाच्या घाईत मला कळलं नाही. शिवाय मी पूर्ण फोटो स्कॅनही केला नाही. जागा वाचवायची म्हणून स्कॅनरवर फक्त तो अर्धा भाग निवडला. म्हणजे कवडूजींचा चेहरा आमच्या कार्यालयातल्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये कधी गेलाच नाही. हे लक्षात ठेवा.

अंक निघाला, दुसऱ्या दिवशी मी एक प्रत पाकिटात घालून पाठवली आणि विसरलो. चौथ्या दिवशी फोन आला.

"पेपरवाले साहेब का?"

"बोला."

"मी डोमाजी बोलून राह्यलो, एटापल्लीवरून. तुमी मले मारून टाकलं ना जी."

मला कळेना.

"नाव कवडूचं आन तोंड माहं. सून म्हनते, बुढ्याले आता चहा द्याचा का हार घालाचा."

फोटोतला दुसरा जवान तो. कवडूजींच्या तुकडीतला, त्यांचा जिवाभावाचा मित्र. मुलगा सूरजागडच्या खाणीवर ट्रक चालवतो म्हणून त्याच्याकडे राहायला गेलेला. डोमाजी हसत होता. मग थांबला. "माहं सोडा. पन त्याच्या बायकोजवर, पार्बताबाईजवर, त्याचा वर्दीतला तेवढाच एक फोटो हाये. आधारवरचा हाये, तो म्हातारा. बाकीचे घरात पानी घुसलं तवा गेले. आता बरोबर छापा, आन तो फोटो तिले वापस करा."

मी हो म्हटलं आणि ड्रॉवर उघडला. फोटो तिथे नव्हता. त्याच आठवड्यात आमचा डेस्क पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलला होता. खोकी पाहिली, कपाटं पाहिली, रद्दीवाल्यालाही विचारलं. नव्हता.

संपादकांना मी अर्धीच गोष्ट सांगितली. फोटो चुकला एवढंच. हरवला हे नाही. त्यांनी विचारलं, "घरच्यांची तक्रार आली का?"

"नाही."

"मग कशाला खाजवून काढायचं?"

या वाक्याच्या आड मी सात महिने बसलो. दुरुस्ती छापायची तर खरा फोटो लागणार, आणि तो कुठे आहे हे कोणी विचारलं असतं तर उत्तर माझ्याकडे नव्हतं. डोमाजीचा फोन आला की मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. एकदा तो म्हणाला, "तुमच्या महिन्यात किती रविवार असतेत जी?" पुढच्या वेळी हसला नाही. "फौजेत झूट बोलनाऱ्याले आमी एकदाच समजावत होतो."

तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. फोटो हरवला आहे.

"तिले फोनवर नोका सांगू," तो म्हणाला. "घरी जाऊन सांगा. मी येतो संग. एकटे गेले तं गोड बोलून वापस येसान."

आलापल्ली-आष्टीवरून एसटीनं येऊन तो गोंडपिपरीला उतरला. चंद्रपूरहून मी गाडी घेऊन गेलो होतो. पुढच्या सागवानातल्या रस्त्यावर तो आपणहून बोलत होता.

"नदी आली का मोठे साहेब विचारत, कवडू कुठी हाये? दोर कमरेले बांधून हा पयले पान्यात जाये. गावच्या तलावात वाढलेला मानूस, त्याले बर्फाचं पानी काय! एकदा या काठी दोर मी धरला होता. हात सुन्न झाले. वाटलं, आता सुटते. तं हा पानीच पानी, त्याच्यातून वरडला — डोमा, गानं म्हन. मी गानं म्हनलं."

"मग?"

"मंग काय, सुटला नाई. नाईतं तुमी त्याच्यावर आंधीच लेख लिवला असता." थोड्या वेळानं म्हणाला, "पेन्शनीत आल्यावर गावातल्या पोरीइले पोहाले शिकवलं त्यानं. लोक हासले. सोळा पोरी शिकल्या. हे लिवलं का तुमी?"

नव्हतं लिहिलं. माझ्या दोनशे शब्दांत "कर्तव्यदक्ष" होतं, "मनमिळाऊ" होतं.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला आम्ही पोचलो. अंगणात जाळं वाळत होतं. पार्बताबाई डोमाजीला पाहून उठल्या. "या डोमाभाऊ. किती वाळले जी." मला म्हणाल्या, "तुमी पेपरवाले ना? बसा बापा." मी बसलो नाही. गाडीत तयार केलेलं पहिलं वाक्य तोंडात होतं. ते बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "लई चांगला छापला जी तुमी. दोघातून एकटा काढला. डोमाभाऊचा हात राह्यला खांद्यावर… राह्यला ते बरंच झालं."

त्या भिंतीकडे पाहत होत्या. आमच्या पेपरचं कात्रण काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. माझं सदर, माझे दोनशे शब्द. फोटोत एक तरुण जवान. टोपी किंचित तिरपी, डावी भुवई मधे तुटलेली, खांद्यावर दुसऱ्या कोणाची तरी चार बोटं.

हा डोमाजी नव्हता.

डोमाजी फ्रेमजवळ गेला. "कवडू हाये," तो म्हणाला. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "हे बोटं माही."

त्या क्षणी मला भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं. यांच्या घरी कात्रण बरोबर आहे. म्हणजे चूक सांगायची गरज नाही… मी तोंड मिटून घेतलं. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटते.

"आन तो फोटो आनला का जी वापस?" पार्बताबाईंनी विचारलं.

डोमाजी वळून माझ्याकडे पाहू लागला.

मी बॅगेतून कार्यालयात जपून ठेवलेली त्या अंकाची फाइल कॉपी काढली, पान उघडलं, त्यांच्यासमोर बाजेवर ठेवलं. "बाई, आम्ही हे छापलं होतं. चुकीचं. आणि मूळ फोटो माझ्याकडून हरवला."

त्यांनी पानाकडे पाहिलं. "हे तं डोमाभाऊ."

"हो."

"मंग हे कोनं छापलं?" भिंतीकडे बोट.

"मला माहीत नाही."

"तुमीच धाडला ना पाकिटात?"

"मीच."

त्यांनी फ्रेम उतरवून दिली. मी मागचा पुठ्ठा काढला. तोच रविवार, तोच मजकूर. छपाईच्या प्लेटवर पडलेल्या ओरखड्याची बारीक रेघ फाइल कॉपीत तिसऱ्या ओळीजवळ होती. इथेही तिथेच होती. मागच्या बाजूला तीच अर्धी कापली गेलेली शिकवणीची जाहिरात. फोटोच्या कडेवरून मी नख फिरवलं. जोड नव्हता. एकच कागद.

फुली मागून का मारली, हे मी तेव्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "गेलेल्या मानसाच्या तोंडावर कशी फुली माराची?"

मग त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बशीतला चहा संपेपर्यंत त्या फाइल कॉपीतल्या डोमाजीकडे पाहत होत्या, आणि डोमाजी भिंतीवरच्या खिळ्याकडे, जिथे आता फ्रेम नव्हती.

चंद्रपूरला परतल्यावर मी जे करायला हवं ते केलं. छपाई विभागाच्या फोरमनला विचारलं. त्या पानाची प्लेट एकदाच झाली, मधे मशीन थांबलं नाही, त्याच्या वहीत तशी नोंद आहे. त्या दिवसाच्या शिल्लक नऊ प्रती मला मिळाल्या. नऊही प्रतींत डोमाजी. सिस्टिममध्ये एकच फोटो-फाइल, तीही अर्धी. डोमाजीकडे त्या फोटोची दुसरी प्रत कधीच नव्हती, पुतण्याकडेही नाही. पोस्टात कोणी पाकीट बदललं असं मानलं तरी त्या बदलणाऱ्याला तो चेहरा कुठून मिळाला?

संपादकांना या वेळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घरच्यांच्या अंकात बरोबर आहे, तर आपली चूक कुठे झाली?" मी म्हटलं, उरलेल्या सगळ्या अंकांत. दोन आठवड्यांनी दुरुस्ती छापून आली, फोटोशिवाय. कात्रणाचा फोटो काढून छापून पाहिला होता. छापील फोटो ठिपक्यांचाच असतो; ठिपक्यांवर ठिपके चढतात आणि चेहऱ्याचा काळा डाग होतो. दुरुस्तीत मी नदीचा दोर लिहिला, सोळा मुली लिहिल्या. ते कापलं गेलं नाही.

काही जण मला म्हणतात, कवडूजींनीच केलं असेल. मी तसं लिहू शकत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. मी एवढंच लिहू शकतो की ती प्रत मी गठ्ठ्यातून काढली, मी घडी घातली, पाकिटावर पत्ता मी लिहिला, आणि घडी घालताना आत पाहिलं नाही. जे काम माझं होतं ते मी केलं नाही, आणि तरी झालं. कसं, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी निघताना पार्बताबाई फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही, मीही माफी मागितली नाही. गाडी सुरू केल्यावर खिडकीशी वाकून त्या म्हणाल्या, "फोटो सापडला तं आना जी. पेपर पिवरा पडते."

मागच्या महिन्यात पुन्हा जाऊन आलो. कागदाच्या कडा पिवळ्या झाल्या आहेत. पार्बताबाईंनी पाणी दिलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. हात रिकामे होते.