परक्या रानातली तूर

बिराजदार सर कुठल्याही बैठकीत पहिला प्रश्न जेवणाचा विचारत. समोर मंत्री असो, बंदरावरचा अधिकारी असो की मालट्रकचा चालक, सर चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि विचारत, "आज सकाळी काय खाल्लंत?" मी हे पहिल्यांदा ऐकलं ते आफ्रिकेतल्या एका देशाच्या व्यापार मंत्रालयात. आम्ही तिथे आदल्याच दिवशी उतरलो होतो. सचिव जरा गोंधळले, मग हसून म्हणाले, "पाव आणि अंडं." पावाचा गहू कुठून येतो, तो बंदरावर किती दिवस पडून राहतो, कोंबडीला खायला काय घालतात, असं विचारत विचारत सरांनी त्या देशाची निम्मी आयात टेबलावर मांडली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, आकडे लोक विचार करून सांगतात. खाल्लेलं सांगताना विचार करत नाहीत."

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. जे झालं त्यात तिथल्या माणसांची काही चूक नव्हती, आणि त्यातली बरीच माणसं अजून तिथेच शेती करतात. देश गरीब, चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला, समुद्र शेजारच्या देशात. या देशाला जगाच्या व्यापारात कसं सामील करून घेता येईल, कुठला माल बाहेर विकता येईल, वाटेत काय अडतं, याचा अभ्यास तिथल्या सरकारने एका परदेशी संस्थेच्या पैशांवर सरांकडे सोपवला होता. मी बीदरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. सर माझ्या प्रबंधाचे परीक्षक होते आणि त्याच्या समासात जागोजागी 'इथे माणूस कुठाय?' असं लिहून गेले होते. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी मला शेतीच्या प्रकरणासाठी बोलावलं, तेव्हा मला वाटलं, आता तरी तो माणूस सापडला असावा.

सर आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचे. आईशी कन्नड, भावाशी मराठी, आणि राग आला की दख्खनी. घरची शेती तुरीची. सर शिकून बाहेर पडले आणि धाकटे भाऊ मल्लप्पा शेतीवर राहिले. सर जगभर फिरत असले तरी घर त्यांनी कलबुर्गीत बांधलं होतं, गावाकडे तासाभरात जाता यावं म्हणून. त्यांच्या बोलण्यात गाव सारखं यायचं. घरी तुरीची रास झाली की आधी वर्षाची घरची तूर कणगीत भरायची आणि उरलेली अडत्याकडे न्यायची, हा वडिलांचा नेम ते पुन्हा पुन्हा सांगत. "भाव पडला तरी आमच्याकडं कोणी उपाशी झोपलं नाही. तूर विकली नाही तर वरण जास्त शिजायचं, एवढंच."

अभ्यासाची त्यांची पद्धत सरळ होती. आधी बाजार, मग मंत्रालय. राजधानीतून बंदरापर्यंत माल कसा जातो ते कागदावर आलं होतं. सर म्हणाले, आपण मालाबरोबर जाऊ. मग आम्ही ट्रकमध्ये बसून निघालो. सीमेवरच्या नाक्यावर ट्रकांची रांग टेकडीच्या मागे दिसेनाशी झाली होती. चालक ट्रकखाली चटई टाकून झोपले होते. आमच्याबरोबरची ग्रेस वैतागली. ग्रेस त्याच देशातली, व्यापार मंत्रालयातली तरुण अर्थतज्ज्ञ, हुशार आणि स्पष्ट बोलणारी. सर मात्र नाक्यावरच्या कारकुनाशी गप्पा मारत बसले. परत आल्यावर म्हणाले, "आम्ही सीमेवरची माणसं. नाक्यावरच्या माणसाला घाई नसते, घाई मालाला असते." टोमॅटो, दूध, फुलं असला माल या देशाने बाहेर पाठवायचं स्वप्न बघू नये, हे त्यांनी त्या रांगेत ठरवलं. टिकणारा माल हवा होता.

तो त्यांना दक्षिणेकडच्या एका गावात दिसला. मक्याच्या ओळींमध्ये तूर उभी होती. सर चालता चालता थांबले. त्यांनी एक शेंग तोडली, नखाने उघडली, दाणा तोंडात टाकला, आणि परक्या गावात अचानक नात्यातला माणूस भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला. शेत एस्तर नावाच्या बाईचं होतं. तिने आम्हाला अंगणात बसवून ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून दिल्या. सर एकेक शेंग दातांनी ओढत माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा. आपल्यासारखंच." वाळलेली तूर एस्तर एका व्यापाऱ्याला विकत होती आणि ती तूर शेवटी भारतात जात होती. आमच्याच बाजारात.

मग अहवालाला आकार आला. तूर टिकते, खत मागत नाही, लहान शेतकऱ्याला परवडते, आणि भारतात ती रोज शिजते. सरांनी तिला यादीत पहिलं स्थान दिलं. धोके सांगणाऱ्या भागात त्यांनी स्वतः एक वाक्य लिहिलं: परदेशी मागणी कमी झाल्यास शिल्लक पीक शेतकरी कुटुंबांच्या आहारात जाईल, म्हणून धोका मर्यादित आहे.

ग्रेसने त्या वाक्यावर बोट ठेवलं. "सर, आम्ही वाळलेली तूर खात नाही."

"एस्तरनं दिली की आपल्याला."

"ती ओली होती. ओली आम्ही गंमत म्हणून खातो. वाळलेली शिजायला फार वेळ आणि फार लाकूड लागतं. आणि खरं सांगू? कुणाला आवडत नाही."

सर हसले. "तुम्हाला कुणी करून घातली नाही, म्हणून."

त्या रविवारी त्यांनी मुक्कामाच्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. तूर भाजून, जात्यासारख्या एका दगडी यंत्रावर भरडून त्यांनी स्वतः डाळ केली होती. हिंग त्यांच्या बॅगेत नेहमी असायचा. लसणाची फोडणी दिलेलं वरण त्यांनी मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाबरोबर वाढलं. मंत्रालयातली माणसं आली, जेवली, छान आहे म्हणाली. एकाने तर दोनदा घेतलं. ग्रेसनेही ताट स्वच्छ केलं. भांडी आवरताना ती मला हळूच म्हणाली, "पाहुण्याने रांधलेलं आमच्याकडे कुणी टाकत नाही." मी ते सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ती तरुण आहे, बाई. जिथं तूर पिकते तिथं तूर खाल्ली जाते. दोन वर्षांत बघा." वाक्य अहवालात तसंच राहिलं.

अहवाल मान्य झाला, त्याचं कौतुक झालं. इतर पुष्कळ शिफारशी कपाटात गेल्या. तुरीची तेवढी अंमलात आली, कारण ती सोपी होती. बियाणं वाटलं गेलं, रेडिओवरून सांगितलं गेलं. एस्तरने मक्याच्या ओळी कमी करून तूर वाढवली. पहिल्या हंगामात भाव उत्तम मिळाला. ग्रेसने एस्तरच्या नव्या पत्र्याच्या छपराचा फोटो पाठवला, तो सरांनी मला दोनदा दाखवला.

नंतरच्या एका वर्षी आमच्या भागात पाऊस वेळेवर झाला आणि तूर उदंड आली. भाव कोसळला. बाजाराच्या आवारात पोत्यांना जागा उरली नाही. त्याच दिवसांत एकदा मी सरांच्या घरी गेले होते. दुपारी मल्लप्पा आले ते थेट रास्ता रोकोतून; धोतरावर धूळ, आवाज बसलेला.

"भायेरची तूर बंद करा म्हणून बसलो व्हतो," ते म्हणाले. "सगळा आळंद तालुका व्हता. तू कामून आला न्हाईस, अण्णा? हितंच तर ऱ्हातूस."

सरांच्या पत्नीने चहा आणून ठेवला.

"चुकतंय का आमचं? तसं तर सांग."

"न्हाई. तुमचं बराबर हाय."

"मग?"

"त्येंचं बी बराबर हाय, मल्लू."

"कुणाचं?"

"ज्येंची तूर यायलीय."

मल्लप्पांनी बशी खाली ठेवली. "पाव्हणे लागतेत का तुझे?"

"म्याच लावाय सांगितली त्येंना."

मल्लप्पा म्हणाले, "मला तर कवा सांगितलं न्हाईस काय लावायचं ते. तिकडं इमानात बसून सांगून आलास." चहा तसाच ठेवून ते उठले. दारात चपला घालताना माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, शिकलेल्या माणसाला दोन गावं असतेत व्हय?" उत्तराची वाट न बघता ते निघून गेले.

थोड्याच दिवसांत बाहेरून येणाऱ्या तुरीवर मर्यादा आली. मादन हिप्परग्यात लोकांना बरं वाटलं, आणि ते साहजिकच होतं. सर वर्तमानपत्राची घडी करून म्हणाले, "विकली नाही तरी खातील." पण त्यांचा आवाज प्रश्न विचारल्यासारखा होता. ग्रेसला त्यांनी फोन केला. ती म्हणाली, "येऊन बघा."

ते स्वतःच गेले आणि मलाही बरोबर यायला सांगितलं. एस्तरच्या घरात पोती भिंतीला लावून उभी होती. सरांनी एका पोत्यात हात घातला. मूठ बाहेर आली तेव्हा दाण्यांना भोकं पडली होती आणि पीठ बोटांना चिकटलं होतं. त्यांनी तिला विचारलं, सकाळी काय खाल्लं? ग्रेसने भाषांतर केलं. एस्तरने काहीच खाल्लं नव्हतं. मका संपला होता. तो तिने कमी लावला होता. तूर शिजवून पाहिली, मुलांची पोटं दुखली, लाकूड फार गेलं, मग उरलेली बकऱ्यांना घातली. ती चिडली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "तुमचे लोक पुढच्या वर्षी घेतील का?"

आयुष्यभर सचिवांना आणि मंत्र्यांना उत्तरं देणारा तो माणूस. "मला माहीत नाही," ते म्हणाले. ग्रेसने ते भाषांतर करायला वेळ घेतला.

परतीच्या वाटेवर गाडीत सर माझ्याशी एकदाच बोलले. "मी आमच्या घरची कणगी त्यांच्या घरात ठेवून आलो, बाई. त्यांच्या घरात कणगी आहे का, ते बघितलंच नाही."

ते दुरुस्तीच्या मागे लागले. ते वाक्य चुकलं आहे, तुरीबरोबर मक्याचं क्षेत्र राखायला सांगा, डाळ तिथेच करून शेजारच्या देशांत विकायचं बघा, असं त्यांनी मंत्रालयाला आणि पैसे देणाऱ्यांना परोपरीने कळवलं. सरकार बदललं होतं, सचिव बदलले होते. तो अभ्यास पूर्ण झाला असून नवा अभ्यास नव्या लोकांकडे दिला आहे, असं नम्र उत्तर आलं. नव्या अहवालाचा मसुदा ग्रेसने पाठवला. त्यात सरांच्या अहवालाचा आधार घेतला होता, आणि ते वाक्य जसंच्या तसं होतं. सरांनी ते वाचून कागद माझ्याकडे सरकवला. त्यानंतर त्यांनी बाहेरचं काम घेतलं नाही.

मल्लप्पांशी त्यांचं भांडण झालं असं कुणी म्हणणार नाही. सणाला जाणं-येणं होतं, तूर आणि ज्वारी गावाहून येत होती. पण शेतीवर बोलणं थांबलं. दोघं ओट्यावर बसत आणि लग्नकार्यांवर, दुखण्यांवर बोलत. मी एकदा सरांना म्हटलं, "मल्लप्पांना एस्तरबद्दल सांगा ना." ते म्हणाले, "त्यानं विचारलं तर सांगेन. न विचारता सांगितलं तर त्याला वाटेल, मी त्याचा दोष काढायलोय." हे वाट बघणं त्यांनी शेवटपर्यंत केलं.

यंदा थंडी सुरू होताना सर गेले. मूत्रपिंडांनी साथ सोडली होती. दवाखान्यात ते फार बोलत नव्हते. ग्रेसचा काही निरोप आहे का, एवढं मात्र विचारत. निरोप आला तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती.

मादन हिप्परग्याच्या घरच्या शेतात, वडिलांच्या शेजारी, त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे बसवून समाधी दिली. भोवती तूर फुलावर होती. मंत्र संपले, लोक माती लोटायला पुढे झाले. मी बाजूला बांधावर उभी होते. मल्लप्पा माझ्याजवळ आले. कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती.

"अक्का, तुमी गेला व्हता त्याच्यासंगं. त्या लोकांचं काय झालं वो?"

मी सांगितलं. एस्तरची भोकं पडलेली पोती, बकऱ्या, न लावलेला मका. आणि ग्रेसचा निरोपही सांगितला: बहुतेकांनी तूर उपटून पुन्हा मका लावला, काहीजण शेत सोडून शहराकडे गेले, एस्तरही गेली.

मल्लप्पांनी तुरीचं एक फूल तोडलं आणि बोटांत चुरगळलं. "घरात तर तूर व्हती ना त्येंच्या? वरण करून खाल्लं न्हाई?"

"ते खात नाहीत, मल्लप्पा. वाळलेली तूर ते खातच नाहीत."

"मग लावली कामून?" त्यांनी चुरगळलेलं फूल खाली टाकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्या इचारलं असतं तर सांगितलं असतं का त्यानं?"

"सांगितलं असतं. वाट बघत होते."

"मला वाटायचं, इचारलं तर म्हनल, तुमी रस्त्यावर बसलाव म्हणून झालं. म्हणून म्या इचारलंच न्हाई."

समाधीकडून कुणीतरी हाक मारली. मल्लप्पा गेले, गुडघ्यांवर बसले आणि फावडं पुढे करणाऱ्याला बाजूला सारून हातांनीच माती लोटू लागले.