तोतरा शिपाई

बोरीचे लिंबाजी तीस वर्षं तमाशात सोंगाडे होते. गळा गोड होता, पण लोक यायचे ते त्यांच्या तोतऱ्या शिपायासाठी. 'ज-ज-जी मालक' एवढं म्हणून ते नुसते डोळे फिरवायचे आणि माणसं गडबडा लोळायची. हा शिपाई म्हणजे त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाची, परमेश्वरची नक्कल, हे परगावच्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

आईबापामागं परमेश्वरदादांनीच त्यांना वाढवलं. लिंबाजी फडात जातो म्हणाले तेव्हा सगळी भावकी विरोधात उठली. दादा एकटेच म्हणाले, "ज-जाऊ द्या. ग-गळा हाय त्याला."

एकदा झरीच्या जत्रेत, सकाळच्या खेळाला दादा धपाटे बांधून आले आणि पुढंच बसले. लिंबाजींना ते दिसले. शिपाई गाळता आला असता, पण लोक आधीच ओरडायला लागले होते. त्यांनी तो गाळला तर नाहीच, उलट लांबवला. दादा मधेच उठले, तंबूच्या दाराशी धपाटे ठेवले आणि एसटीनं परत गेले.

पुढं बोरीतली पोरंही दादांना 'जी मालक' म्हणू लागली. दादांनी चारचौघांत बोलणंच सोडलं. दुकानात त्यांच्या बायकोनं, सुमनबाईनं जायचं. लेकीच्या सोयरिकीतही ते नुसती मान हलवत बसले.

म्हातारपणी लिंबाजी गावी परतले. गेल्या वर्षी गावात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा पाहुण्यांनी शिपायाची फर्माईश केली. लिंबाजींनी माईक धरला.

"त्यो शिपाई म्हंजे माजा दादा. ज्यानं मला जेवू घातलं, त्याच्यावरच मी लोक हसवले. दादा, मला माफ कर!"

सगळ्या माना मागं बसलेल्या दादांकडं वळल्या. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. दादा खाली बघत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी त्यांच्या दारात गेले. सुमनबाई म्हणाल्या, "आता कामून आलाव भावजी?"

दादांनी त्यांना आत बोलावलं. बोलायला त्यांना बराच वेळ लागला. "म-माफी मागायची व्हती तर इथं यायचं, लिंबा. त-तिथं पुन्ना माझंच सोंग केलंस. अन् ट-टाळ्या तुलाच."

त्या टाळ्या लिंबाजींना गोड लागल्या होत्या.

आता ते रोज दुपारी तिथं जाऊन बसतात. सुमनबाई दोघांपुढं चहा ठेवतात. त्या दिवसानंतर दादा अजून बोललेले नाहीत.